करार तारखेने संपतो, जबाबदारी किल्लीने

मे महिना उजाडला की पुण्यात, ठाण्यात, नाशकात सोसायट्यांच्या फाटकापाशी सामानाचे टेम्पो दिसू लागतात. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी नव्या घरात बस्तान बसवायचे असते. याच दिवसांत दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात. "आमचा अकरा महिन्यांचा करार ३१ तारखेला संपतोय, तर नोटीस द्यावी लागेल का?" आणि "शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं तर चालेल ना?"

थोडक्यात उत्तरे अशी : मुदत पूर्ण होत असेल तर कायद्याने नोटीस लागत नाही, पण ती द्यावी. आणि मालकाने लेखी मान्य केल्याशिवाय भाडे डिपॉझिटमधून वळते करू नये. ही उत्तरे अशी का आहेत हे नीट समजून घेतले, तर घर सोडताना होणारी बहुतेक भांडणे टळतात. म्हणून हा लेख मुख्यतः महाराष्ट्रात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहे. घरमालकांनाही त्यात कामाचे बरेच सापडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. करारावरची तारीख उलटली की तुमचा राहण्याचा हक्क संपतो. तुमची पैशांची जबाबदारी मात्र घराचा ताबा परत दिल्यावरच थांबते. या दोन घटना एकाच दिवशी घडवून आणणे, हेच घर सोडतानाचे खरे काम.

हातातला कागद कोणता आहे?

आपण बोलताना सरसकट 'भाडे' आणि 'भाडेकरू' म्हणतो. पण महाराष्ट्रातल्या शहरांत आज राहण्यासाठी जे करार होतात, ते बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स'चे असतात. मराठी मसुद्यात त्याला 'अनुज्ञप्ती' किंवा 'संमती व परवानगी' असे शब्द येतात. मालक तुम्हाला ठराविक काळ घर वापरण्याची परवानगी देतो. घरात तुमचा भाडेहक्क निर्माण होत नाही. अशा करारात दरमहा द्यायच्या रकमेला 'लायसन्स फी' म्हणतात. या लेखात मी ओळखीचा म्हणून 'भाडे' हाच शब्द वापरणार आहे.

हा फरक शब्दांपुरता नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्या लोकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. अनेक घरमालकांच्या मनात तेव्हापासून धास्ती बसली की एकदा घर दिले की ते परत मिळत नाही. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ने राहण्यासाठी लायसन्सवर दिलेले घर मुदत संपताच परत मिळवण्याची वेगळी, जलद वाट मालकाला दिली. आज मालक निर्धास्तपणे घर देतात आणि तुम्हा-आम्हाला ते मिळते, याला या कलमाचा मोठा आधार आहे. त्याची दुसरी बाजू अशी की मुदत संपल्यावर राहणाऱ्याला हा कायदा फारशी सवलत देत नाही.

तुम्ही जुन्या चाळीत किंवा इमारतीत पागडीने राहत असाल, तर गोष्ट निराळी. तिथे तुम्ही संरक्षित भाडेकरू असता आणि केवळ तारीख उलटली म्हणून घर सोडावे लागत नाही. दुकान किंवा कार्यालय लायसन्सवर घेतले असेल, तर कलम २४ची ही जलद वाट तिथे चालत नाही. पुढे जे लिहिले आहे ते राहण्याच्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स कराराविषयी आहे. कागदावर नाव काय आहे ते आधी पाहा. बेंगळुरू, हैदराबाद किंवा आणखी कुठे राहणाऱ्या वाचकांना त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो. पण नोटीस, हिशेब आणि किल्ली यांविषयीची शिस्त त्यांनाही तितकीच उपयोगी पडेल.

मुदत पूर्ण होताना नोटीस

ठराविक मुदतीचे लायसन्स मुदत संपली की आपोआप संपते. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ मध्येच ते लिहिलेले आहे. दोघांपैकी कोणीही पत्र पाठवले नाही तरी करार संपतोच. त्यामुळे "मालकांनी घर सोडा असं सांगितलंच नाही, म्हणून आम्ही राहिलो" हे म्हणणे टिकत नाही. तसेच "तुम्ही एक महिना आधी कळवलं नाही, म्हणून एक महिन्याचं भाडं कापतो" असे मालकालाही एरवी म्हणता येत नाही, करारात तशी स्पष्ट अट नसेल तर.

ही अट मात्र डोळ्यांत तेल घालून शोधा. काही करारांत 'मुदत संपण्यापूर्वी तीस दिवस आधी नूतनीकरणाबाबत लेखी कळवावे' असे एक वाक्य मधेच बसवलेले असते. ते असेल तर पाळावे लागते.

अट नसली तरीही कळवा असे मी सांगतो. त्याची कारणे व्यवहारातली आहेत. मालकाला नवा भाडेकरू शोधायला वेळ मिळतो. डिपॉझिटची रक्कम बहुतेक मालकांनी खर्च केलेली किंवा कुठेतरी गुंतवलेली असते, ती उभी करायला त्यांना अवधी लागतो. आणि तुम्ही कोणत्या दिवशी ताबा देणार आहात हे आधीच कागदावर आले, की पुढच्या सगळ्या हिशेबाला एक खुंटी मिळते. मुदतीच्या सहा ते आठ आठवडे आधी तोंडी बोला, आणि तीस दिवस आधी लेखी द्या.

लेखी म्हणजे कसे? करारात नोटीस पाठवण्याची पद्धत दिलेली असेल तर तीच पाळा. नसेल तर ईमेल करा आणि त्याच मजकुराचे सहीचे पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवर कळवायला हरकत नाही, पण त्यावरच विसंबू नका. करारावर नवरा-बायको किंवा तीन मित्र अशी एकाहून अधिक नावे असतील, तर पत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. एकाने पाठवलेले पत्र दुसऱ्याला मान्य नव्हते, हा वाद खोलीत एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांत नेहमी होतो.

पत्राचा मजकूर एवढा पुरे :

*स.न.वि.वि.*
*आपल्या मालकीच्या (सदनिका क्रमांक व पत्ता) या घराबाबत आपल्यात झालेल्या, दिनांक … रोजी नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत दिनांक ३१ मे रोजी संपत आहे. आम्ही कराराचे नूतनीकरण करणार नाही. दिनांक ३१ मे रोजी सकाळी ११ वाजता घर रिकामे करून त्याचा ताबा व सर्व किल्ल्या आपणास देण्यास आम्ही तयार आहोत. मे अखेरपर्यंतचे भाडे नेहमीप्रमाणे भरले जाईल. ताबा घेतेवेळी डिपॉझिटची रक्कम रुपये … परत करावी, ही विनंती. काही दुरुस्ती किंवा वजावट आपल्या मनात असल्यास २० मेपूर्वी घर पाहून लेखी कळवावे, म्हणजे समक्ष बोलून मिटवता येईल.*
*कळावे.*

यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. वजावटीची चर्चा टेम्पो दारात उभा असताना करू नये. ती दहा दिवस आधी, रिकाम्या वेळी, घरातल्या भिंतींसमोर उभे राहून करावी.

मुदतीआधी निघायचे असेल तर

नोकरी बदलते, घरात आजारपण येते, कधी शेजाराचाच त्रास होतो. मुदतीआधी घर सोडायचे झाले तर नोटीस ऐच्छिक राहत नाही. करारातला 'नोटीस पिरियड' बहुधा एक महिन्याचा असतो, कधी दोन महिन्यांचा. नोटीस मालकाला पोचल्यापासून तो मोजायचा. १२ एप्रिलला पत्र पोचले आणि मुदत एक महिन्याची असेल, तर १२ मेपर्यंतचे भाडे तुमच्याकडे लागू. मधेच २५ एप्रिलला घर सोडून गेलात तरी हे भाडे चुकत नाही. काही करारांत 'पूर्ण कॅलेंडर महिना' असा शब्द असतो. तसे असेल तर १२ एप्रिलच्या नोटिशीची मुदत ३१ मेला पुरी होते. एका शब्दाने एकोणीस दिवसांचे भाडे वाढते, म्हणून ती ओळ पुन्हा वाचा.

त्याहून कडक अट 'लॉक-इन'ची. समजा अकरा महिन्यांच्या करारात पहिले सहा महिने लॉक-इन आहे आणि तुम्हाला चौथ्या महिन्यात जावे लागते. करारात 'उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे लागेल' असे लिहिलेले असते आणि मालक ते डिपॉझिटमधून कापायला निघतो. इथे भारतीय करार कायदा, १८७२ मधील दोन तरतुदी माहीत असू द्या. कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. आणि कलम ७३च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, नुकसान कमी करण्यासाठी हाताशी असलेले उपाय समोरच्याने वापरले का, हेही पाहिले जाते. मालकाला पंधरा दिवसांत नवा भाडेकरू मिळाला, तर दोन महिन्यांचे भाडे नुकसान म्हणून मागणे त्याला कठीण जाईल.

पण एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढणे कोणाला परवडते? म्हणून व्यवहारातला मार्ग असा : नोटीस देतानाच नवा भाडेकरू शोधायला मदत करण्याची तयारी लिहून कळवा, घर दाखवायला वेळ ठरवून द्या, आणि "नवा भाडेकरू ज्या दिवसापासून येईल त्या दिवसापासून माझे भाडे थांबेल" एवढे मालकाकडून लेखी घ्या. माझ्या पाहण्यातली बहुतेक प्रकरणे अशा बोलण्यानेच मिटली आहेत.

शेवटचे भाडे आणि डिपॉझिट

डिपॉझिट ही अनामत आहे. घराचे नुकसान, थकलेले वीजबिल, न भरलेले भाडे यांसाठी ती मालकाकडे ठेवलेली असते. शेवटचे दोन महिने भाडे थांबवून ते त्यातून वळते करून घेतले, तर तेवढ्या काळापुरते तुम्ही थकबाकीदार ठरता. त्याच आधारावर मालक करार आधीच रद्द करू शकतो किंवा व्याज लावू शकतो. डिपॉझिट बुडण्याच्या भीतीने लोक असे करतात, हे मला कळते. ती भीती अनेकदा खरीही असते. पण त्यावरचा चांगला उपाय म्हणजे मालकाशी बोलून 'मे महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वजा करावे, उरलेली रक्कम ताबा देताना द्यावी' असे दोघांच्या सहीने लिहून घेणे. मालक याला बहुधा तयार होतात, कारण त्यांनाही शेवटी एकदम मोठी रक्कम उभी करावी लागत नाही.

डिपॉझिट किती असावे यावर महाराष्ट्रात कायद्याची मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहण्याच्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. पण तो मसुदा राज्याने स्वीकारून कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून त्यातल्या आकड्यांवर भिस्त ठेवून मालकाशी वाद घालू नका. तुमच्या करारात काय आहे तेच चालेल.

वजावटीचा नेहमीचा मुद्दा झीज आणि नुकसान यांतला. वर्षभर राहिल्यावर भिंतीचा रंग मळणे, नळाची चकती झिजणे, पायपुसण्याजवळची फरशी निस्तेज होणे ही झीज. ती वापरात होणारच. बेसिन फुटले, दरवाज्याची कडी उखडली, एसीसाठी विचारल्याशिवाय भिंत फोडली, तर ते नुकसान. त्याचे पैसे द्यावेत. मात्र काही करारांत 'घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापले जाईल' अशी अट असते आणि ती सही करताना आपण वाचलेली नसते. पुढच्या घराचा करार करताना हीच ओळ आधी शोधा.

ज्यांचे भाडे दरमहा ५०,००० रुपयांहून जास्त आहे, त्यांनी एक आयकराची गोष्ट विसरू नये. अशा भाड्यावर भाडेकरूने टीडीएस कापून भरायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर २ टक्के आहे. ही कपात दर महिन्याला करावी लागत नाही. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, किंवा त्याआधी घर सोडत असाल तर शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून एकदाच करायची असते. शेवटचे भाडे डिपॉझिटमधून वळते केले, की ही कपात राहून जाते आणि भुर्दंड तुमच्यावर येतो. मालक परदेशात स्थायिक असतील तर नियम वेगळा आणि जड आहे. अशा वेळी चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला आधीच घ्या. पगारात घरभाडे भत्ता मिळत असेल तर निघण्यापूर्वी वर्षभराच्या भाड्याच्या पावत्याही घेऊन ठेवा. वार्षिक भाडे एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन क्रमांक लागतो. घर सोडल्यावर तो मागायला गेलात की फोन उचलले जात नाहीत.

तारीख उलटून गेली तर

आता सर्वांत महागात पडणारी चूक. नवे घर १ जूनला मिळणार होते, तिथले रंगकाम लांबले. "दोन-तीन आठवडेच आहेत, मालक ओळखीचे आहेत" म्हणून तुम्ही राहता. कलम २४ सांगते की लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याला करारातल्या दराच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. बहुतेक छापील करारांतही हीच अट असते.

आकड्यांत पाहू. समजा भाडे दरमहा २४,००० रुपये आहे आणि करार ३१ मेला संपला. तुम्ही २० जूनला किल्ली दिली. साध्या दराने वीस दिवसांचे १६,००० रुपये झाले असते. दुप्पट दर महिन्याला ४८,००० म्हणजे दिवसाला १,६०० रुपये. वीस दिवसांचे ३२,०००. तेवढे डिपॉझिटमधून गेले की भांडायला फारशी जागा उरत नाही.

म्हणून मुदत उलटणार असे दिसताच, तारीख यायच्या आधी मालकाकडून लेखी घ्या : 'दिनांक १ ते २० जून या काळात राहण्यास माझी संमती असून त्यासाठी चालू दरानेच रक्कम घेतली जाईल, दुप्पट भरपाई मागितली जाणार नाही.' हे पत्र नव्या नोंदणीकृत कराराची जागा घेत नाही. जास्त दिवस राहायचे असेल तर नवा करारच करावा. पण दोन-तीन आठवड्यांच्या अडचणीत हे चार ओळींचे पत्र तुम्हाला वाचवते.

घर सोडले नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. ही भाडे कायद्याखालची वेगळी यंत्रणा आहे. तिथे लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. समन्स मिळाल्यावर तीस दिवसांच्या आत, बचाव करण्याची परवानगी मागणारा अर्ज प्रतिज्ञापत्रासह करावा लागतो. तो केला नाही तर मालकाचे म्हणणे तुम्हाला मान्य आहे असे धरून ताब्याचा आदेश होतो. समन्स आले आणि ड्रॉवरमध्ये पडून राहिले, असे कृपा करून होऊ देऊ नका.

मालकांनाही इथे सांगणे आहे. मुदत संपली म्हणून स्वतःच कुलूप बदलणे, वीज तोडणे, सामान जिन्यात काढून ठेवणे या वाटेला जाऊ नका. कायद्याने तुमच्यासाठी जलद मार्ग ठेवला आहे. तो सोडून बळाचा वापर केलात तर तुमची भक्कम बाजू तुम्हीच कमकुवत कराल आणि पोलीस ठाण्यात उत्तरे देत बसाल.

तिथेच राहायचे असेल तर

जुना करार संपला, भाडे हजार रुपयांनी वाढवले, तोंडी ठरले आणि चालू राहिले, असे असंख्य घरांत चालते. ते दोघांनाही धोक्याचे आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. मुदत एक वर्षाहून कमी असली तरीही. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हा समज नोंदणी कायद्यातल्या एका वर्षाच्या नियमावरून आला. महाराष्ट्रातल्या घरांना तो चालत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के व्याज धरून येणाऱ्या रकमेवर ०.२५ टक्के दराने लागते. महिना २४,००० रुपये, अकरा महिने आणि एक लाख डिपॉझिट धरले तर हे शुल्क सुमारे सातशे रुपये होते. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी आता घरबसल्या, ऑनलाइन आणि अंगठ्याच्या ठशाने होते. बाकी खर्च एजंटच्या मोबदल्याचा असतो. नवा करार जुन्याची मुदत संपण्याआधी तयार ठेवा, त्यातली तारीख जुन्याला लागून दुसऱ्याच दिवसाची घ्या, आणि डिपॉझिट 'पूर्वीच्या करारातून पुढे आणले' असे त्यात लिहून घ्या. नाहीतर नव्या करारात डिपॉझिट दिल्याची तारीख आणि बँकेचा व्यवहार यांचा मेळ बसत नाही. नव्या कराराची माहिती मालकाने पोलीस ठाण्यालाही कळवावी.

किल्ली देण्याचा दिवस

पुण्यात भाड्याने राहत असतानाची माझी एक गोष्ट सांगतो. ३० तारखेला आम्ही घर रिकामे केले. मालक परगावी होते. फोनवर ते म्हणाले, "किल्ली खाली सिक्युरिटीकडे ठेवा, मी आल्यावर घेतो." मी पाकिटात दोन्ही किल्ल्या घातल्या, वर सदनिकेचा क्रमांक लिहिला आणि पाकीट सिक्युरिटी गार्डच्या हाती दिले. पंधरा-वीस दिवसांनी डिपॉझिटचा हिशेब आला, त्यात तेरा दिवसांचे भाडे कापलेले. मालकांच्या लेखी किल्ली १३ तारखेला, म्हणजे ते गावाहून आले त्या दिवशी मिळाली. तोपर्यंत घर आमच्याच ताब्यात होते. माझ्याकडे ना पावती होती, ना फोटो, ना त्या बोलण्याचा एकही लेखी शब्द. तेरा दिवसांचे पैसे गेले. त्या दिवसापासून मी कोणालाही सांगतो की सामान हलवल्याने घर सुटत नाही. मालकाने किंवा त्याने लेखी नेमलेल्या माणसाने किल्ली घेतल्याची सही झाली की सुटते. मालकाची मुले किंवा मालक स्वतः अमेरिकेत, दुबईत असतात, घर मामा किंवा मेहुणे पाहतात, अशी कितीतरी घरे आहेत. किल्ली कोणी घ्यायची हे मालकाकडून ईमेलवर आधी ठरवून घ्या.

त्या दिवशी हे करा :

१. भिंती, खिडक्या, स्वयंपाकघराचा ओटा, न्हाणीघर, पंखे आणि मालकाने दिलेल्या वस्तू यांचे दिवसाउजेडी व्हिडिओ चित्रण करा. घरात येतानाचे फोटो असतील तर शेजारी ठेवता येतील.

२. वीजमीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. शेवटच्या बिलानंतरचे युनिट मोजून तेवढी रक्कम तिथल्या तिथे ठरवा. पाइप गॅस असेल तर त्याच्या मीटरचाही फोटो घ्या.

३. सोसायटीचा मेंटेनन्स, पार्किंग, पाण्याचे टँकर यांपैकी करारानुसार तुमच्याकडे काय होते ते पाहून पावत्या दाखवा.

४. किल्ल्या मोजून द्या : मुख्य दाराच्या दोन, सेफ्टी डोअर, टपालपेटी, गच्ची, पार्किंगचा रिमोट, सोसायटीचे कार्ड. एक जरी राहिली तरी 'कुलूपच बदलावं लागलं' असा खर्च लागतो.

५. ताबा पावती घ्या. ती एवढी असावी : 'दिनांक …, वेळ …. वरील घराचा रिकामा ताबा व … किल्ल्या आज मिळाल्या. वीजमीटर आकडा …. डिपॉझिट रुपये … पैकी … या कारणासाठी … वजा करून उर्वरित रुपये … आज बँकेत जमा केले. दोघांचे परस्परांकडे काहीही येणे-देणे नाही.' खाली दोघांच्या सह्या.

मालक ऐनवेळी म्हणाले, "डिपॉझिट पुढच्या आठवड्यात देतो," तर? मुदत संपत असेल तर घर अडवून बसू नका, दुप्पट दराचा नियम आठवा. पावतीत 'डिपॉझिट रुपये … देणे बाकी असून ते दिनांक … पर्यंत दिले जाईल' असे लिहून सही घ्या. 'येणे-देणे नाही' हे वाक्य त्यात येऊ देऊ नका. सही नसेल तर त्याच दिवशी ईमेल करून ताबा दिल्याचे आणि रक्कम बाकी असल्याचे कळवा. मालक किल्लीच घेत नसतील, तर ठरल्या वेळी हजर राहून दोन साक्षीदारांसमोर रिकाम्या घराचे चित्रण करा आणि त्याच दिवशी ईमेल व स्पीड पोस्टाने कळवा की ताबा देण्यास आम्ही तयार होतो व आहोत. अशा कागदांच्या आधारे पुढे वकिलाची नोटीस देता येते. पैसे वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणून महिनोन्‌महिने फोनवर "बघू, देतो" ऐकत बसू नका.

घर सोडताना मन आधीच हललेले असते. मुलांनी भिंतीवर उंची मोजून केलेल्या पेन्सिलीच्या खुणा दिसतात, गॅलरीतली तुळस टेम्पोत कुठे ठेवायची याची चिंता असते. अशा वेळी कागदपत्रांचे भान राहत नाही, आणि नुकसान नेमके तेव्हाच होते. म्हणून आजच करार काढा, शेवटची तारीख, नोटिशीची ओळ आणि डिपॉझिटची अट या तिन्हींवर पेन्सिलीने खूण करा, आणि त्या तारखेच्या दीड महिना आधीच्या दिवशी दिनदर्शिकेवर गोल काढून ठेवा. शेवटच्या दिवशी किल्ली मालकाच्या हातात ठेवताना पावती तुमच्या हातात असली, की मग निश्चिंतपणे तुळस मांडीवर घेऊन टेम्पोत बसता येते.